माझा सक्षम अहम्

२ मार्च, सकाळी ६
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवण्यासाठी नाही. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या मनाचं निरीक्षण लिहून ठेवावं, असं मी वर्गात दर वर्षी सांगतो. मुलं लिहीत नाहीत. मी लिहिणार.

एटापल्लीच्या बदलीला स्टाफरूममधले लोक शिक्षा समजतात. वस्तुस्थिती अशी की मला एकांत हवा होता. माझी बायको रंजीता ऊर्जानगरला असते. नोकरी तिची तिथे, क्वार्टरही तिच्याच नावावर. हिवाळ्यात तिने माझी बॅग भरून दाराबाहेर ठेवली हे खरं आहे. पण निघायचा विचार माझ्या मनात आधीपासून होता. कारण अगदी क्षुल्लक. भाजीत मीठ जास्त होतं. मी ताट बाजूला सरकवलं. ते भिंतीपर्यंत गेलं.

तिच्या अटी दोन. तंबाखूचा खर्रा बंद आणि चिडणं बंद. उन्हाळ्याच्या सुट्टीत इथे येऊन स्वतः बघणार आणि मगच ठरवणार, पुन्हा एकत्र राहायचं की नाही. घ्या म्हणावं परीक्षा. पेपर माझ्याच विषयाचा आहे.

थिअरी सोपी आहे. इदम् म्हणजे आत बसलेलं हट्टी पोर. त्याला सगळं आत्ताच्या आत्ता पाहिजे. पराहम् म्हणजे आतला हेडमास्तर, प्रत्येक गोष्टीला नाही म्हणणारा. या दोघांच्या मध्ये अहम्. तो बाहेरचं वास्तव बघतो आणि पोराला सांगतो, थांब, वेळ आली की मिळेल. ज्याचा अहम् सक्षम, तो माणूस सक्षम. माझा आहे. एम.ए.ला या पेपरात मी विद्यापीठात वर होतो. पहिला नव्हतो, पण वर होतो.

संकल्प: खर्रा आजपासून बंद.

२ मार्च, दुपारी
खर्रा उद्यापासून. आज बारावीच्या पेपरला सुपरव्हिजन होतं. एकदम सोडणं अवैज्ञानिक आहे.

५ मार्च
पानठेल्यासमोर उभं राहून आत्मनिरीक्षण केलं. ठेलेवाला प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घालून घोटत होता. घोटण्याच्या नुसत्या आवाजानेच तोंडाला पाणी सुटतं, हे नोंदवण्यासारखं आहे. निरीक्षण अर्धवट राहू नये म्हणून खाल्ला. हा खाण्यात धरायचा नाही.

भूगोलाचे उराडे सर शेजारी उभे राहून हसत होते. सुनिल उराडे म्हणजे चालतंबोलतं इदम्. खर्रा उघड खातो, समोसे दुसऱ्याच्या प्लेटमधले खातो, हसतो तर दोन वर्गांपलीकडे ऐकू जातं. म्हणाला, ‘राजदीप सर, खाचा तर खा ना, काऊन लाजून राह्यले?’ अशा माणसांची मला कीव येते.

११ मार्च
प्राचार्य सगळ्यांसमोर म्हणाले, रामटेके सर, तुमचे इंटर्नल मार्क अजून आले नाहीत. मी शांत. पूर्ण शांत. ‘हो सर, उद्या देतो सर.’ हात मागे बांधलेले. अहम् कसा काम करतो, याचं पाठ्यपुस्तकात छापावं असं उदाहरण.

घरी येताना एसटीच्या कंडक्टरला सुट्ट्या पैशांवरून थोडं स्पष्ट बोललो. त्याने गाडी थांबवून मला खाली उतरवलं. उरलेलं अंतर चालत आलो. चालणं आरोग्याला चांगलं.

१८ मार्च
घराबद्दल लिहायचं राहिलं. गावाच्या टोकाला माडिया आदिवासींचा टोला, म्हणजे छोटी वस्ती, आहे. तिथे लच्छूभाऊंच्या घराची बाहेरची खोली मला भाड्याने मिळाली आहे. लच्छूभाऊ मोजकं बोलतात. त्यांची बायको सोमारीबाई त्यांच्या वाट्याचंही बोलते. सध्या सगळा टोला पहाटे मोहफुलं वेचायला जातो. त्या वासाने खोलीत झोप छान लागते.

अंगणात आंब्याचं मोठं झाड. बारीक कैऱ्या धरल्या आहेत. सोमारीबाईने आल्या दिवशीच बजावलं होतं, ‘सर, पंडुम होयेपर्यंत याले हात नाई लावाचा.’ मरका पंडुम म्हणजे नव्या आंब्याचा सण. गावचा भुमिया, म्हणजे देवाचं करणारा, दिवस ठरवतो. आधी देवाला आणि घरातल्या गेलेल्या माणसांना आंबा जातो, मग जिवंत माणसांना. तोवर खाली पडलेली कैरीसुद्धा कुणी तोंडात घालत नाही. लहान पोरंही नाही.

मी थक्क झालो. माझा सगळा सिलॅबस अंगणात उभा आहे.

२० मार्च
अकरावीच्या जादा तासाला पंडुमवर व्याख्यान दिलं. सामूहिक पराहम्, समाधान लांबवण्याची क्षमता, सगळं फळ्यावर आकृतीसह. टोल्यातलीच एक मुलगी आहे, मंगली. ती उभी राहून म्हणाली, ‘सर, आमाले पन खावासा वाट्टे. फक्त खात नाई.’ हशा झाला. अमूर्त विचार करायला या वयात जड जातं. मी तिला बसायला सांगितलं. आवाज वरचा लागला असेल. पंखा फार वाजतो.

रात्री रंजीताला फोन करून सगळं पंडुम समजावलं. अर्धा तास बोललो. ती ऐकत होती. शेवटी एवढंच विचारलं, ‘खर्रा?’ मी म्हणालो, नियंत्रणात. हे खोटं नाही. बंद म्हणालो नाही.

१४ एप्रिल
जयंतीचा कार्यक्रम. माझं भाषण: ‘आवेग आणि विवेक’. चौकात मंडप, निळे झेंडे, बायका पांढऱ्या साड्यांत, लेकरं पुढे सतरंजीवर. सुरुवात उत्तम झाली. बाबासाहेबांनी किती अपमान पचवून किती शांतपणे काम केलं, तिथपर्यंत आलो आणि माइक शिट्टी मारू लागला. साउंडवाला विक्की मोबाइलमध्ये. मी त्याला खुणावलं, पुन्हा खुणावलं. मग माइक खाली ठेवला. जोरात ठेवला गेला. तो फुटला. त्याआधी मी विक्कीला जे बोललो ते माइक चालू असल्यामुळे सगळ्या चौकाला ऐकू गेलं.

उराडे स्टेजवर येऊन म्हणाले, सरांनी आवेगाचं प्रात्यक्षिक दाखवलं, आता विवेकाचं मी दाखवतो, आणि माइकशिवाय गाणं म्हटलं. लोक हसले, टाळ्या वाजल्या. सवंगपणा. माझ्या भाषणाचा मुद्दा मात्र कुणीच नाकारू शकला नाही.

संकल्प: सार्वजनिक कार्यक्रम टाळणे. दोष परिस्थितीचा असतो.

२४ एप्रिल
रंजीताचा फोन. तिने स्वतःहून केलेला. ८ मेला येते म्हणाली, चार दिवस राहीन. मग विचारलं, ‘अंगणात आंबा हाये म्हने ना? कैऱ्या मोठ्या झाल्या का?’ आणि हसली.

ती हसली तेव्हा मला खोलीत बसवेना. बाहेर जाऊन झाडाखाली उभा राहिलो. लग्न झालं त्या वर्षी ती पोळपाटावर कैरी चिरायची, तिखटमीठ लावायची आणि अर्धी माझ्या तोंडात कोंबायची. मला तिची फार आठवण येते. हे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

खोली झाडली. चादर धुतली. खर्रा खरंच सोडला. सकाळपासून एकच.

२ मे
भुमियाने पंडुमचा दिवस ठरवला. १२ मे. रंजीता ८ ला येणार, १२ ला जाणार. सकाळच्या बसने.

लच्छूभाऊंना सहज सुचवलं की ८ च्या आधी घेता येईल का. ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘पंडुम एसटी नाई ना, सर.’

उराडे म्हणाले, आलापल्लीच्या बाजारात ढीग लागलेत, उद्या चाललोच आहे, घेऊन येतो. मी नको म्हणालो. बाजारातल्या कैरीत काय राम आहे? आणि उराडेच्या हातची वस्तू माझ्या बायकोने खावी, अशी वेळ अजून आलेली नाही.

५ मे, सकाळी
तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू झालाय. पहाटेच टोला रिकामा होतो. अंगणात मी आणि कोंबड्या.

झाडाकडे बघितलं. फक्त बघितलं. इदम् म्हणतो, तोड. पराहम् म्हणतो, हात लावू नकोस. अहम् म्हणतो, वास्तव बघ. आता वास्तव काय आहे? झाड एवढं मोठं. एक कैरी गेली तर झाडाला कळतसुद्धा नाही. शिवाय मी माडिया नाही, मला पंडुम लागू होतो का, हा प्रश्न ॲकॅडमिकली खुला आहे. शिवाय बायकोसाठी तोडणं ही वासना नव्हे. वासनेला उन्नत रूप देणं याला आमच्या विषयात उदात्तीकरण म्हणतात. माणसाची सगळी संस्कृती त्यावर उभी आहे.

एक तोडली. आंबट आहे की नाही ते पाहायला देठाकडून चावली. आंबट होती.

एकीचं पन्हं होत नाही. पिशवी भरली.

६ मे
ओठाच्या कोपऱ्याला चीक लागला होता. उतलाय. काळा चट्टा, त्यावर फोड. आरशात पाहिलं तर लांबूनही दिसतो.

उन्हामुळे. कुणी विचारलं तर ऊन.

७ मे
कुणी विचारलं नाही. सोमारीबाई तेंदूपत्ता टाकून आली, माझ्याकडे बघितलं, झाडाकडे बघितलं आणि आत गेली. बाहेर आली ती मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल घेऊन. म्हणाली, ‘लावा. आंब्याचा चीक लय दिवस रायते.’ मी म्हणालो, ऊन लागलं. ती म्हणाली, ‘उनालेबी चालते.’

संध्याकाळी टोल्यातली पोरं कुंपणापाशी येऊन माझा ओठ बघून गेली. या लोकांना प्रायव्हसी ही कल्पनाच नाही.

८ मे
रंजीता आली. ट्रकांच्या गर्दीत बस अडकली होती, धुळीने माखून उतरली. तरी छान दिसत होती. आल्या आल्या सोमारीबाईने तिला मोरीपाशी नेऊन हातपाय धुवायला पाणी दिलं. दोघी लगेच बोलायला लागल्या. माझी जुनी ओळख असून माझ्याशी रंजीता एवढं बोलली नाही.

पन्हं दिलं. मडक्यातलं गार, गूळ, विलायची. तिने ग्लास तोंडाशी नेला, वास घेतला. माझ्या ओठाकडे बघितलं. विचारलं, ‘पंडुम झाला?’

मी म्हणालो, बाजारातल्या आहेत. तिने ग्लास खाली ठेवला. पलंगाखालून पिशवीचा कोपरा दिसत होता आणि कैऱ्यांना डहाळीची पानं होती. भूक नाही म्हणाली.

९ मे
सकाळी भुमिया, लच्छूभाऊ आणि आणखी तीन-चार म्हातारे अंगणात बसले. मला बोलावलं. मला वाटलं आरडाओरडा होईल, दंड मागतील. त्याची तयारीही केली होती, घटनेतली कलमं आठवून ठेवली होती. तसं काही झालंच नाही. लच्छूभाऊ म्हणाले, ‘झाडाले हात लागला. कोनाचा लागला तेवढं सांगाव. मंग आमी देवाले इचारून निस्तरतो. नाई सांगितलं तर पंडुम पुढं जाते.’

म्हणजे सगळा टोला आंब्याशिवाय थांबणार. कुंपणापाशी पोरं उभी होती. रंजीता दारात उभी होती.

इथे अहम्ची खरी कसोटी. आतून संताप उसळत होता. दोन कैऱ्यांसाठी पंचायत! पण मी एक शब्द वर जाऊ दिला नाही. हात मागे बांधले. अतिशय सौम्य आवाजात म्हणालो, परवा उराडे सर आले होते.

लच्छूभाऊंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘उराडे सराच्या ओठाले तं काईच नाई झालं.’

एक म्हातारा हसायला लागला आणि दुसऱ्याने त्याला गप्प केलं. सगळे थांबले. मी बोलेन म्हणून थांबले होते, हे मला समजत होतं. मी ढगांकडे बघत होतो. ढग नव्हते.

शेवटी लच्छूभाऊच उठले. भुमियासमोर उभं राहून माडियात काहीतरी बोलले. मंगलीने रंजीताला अर्थ सांगितला तो मला ऐकू आला. अंगण माझं, झाड माझं, राखण माझी होती, चूक माझी. त्यांनी स्वतःची कोंबडी धरून दिली. भुमिया हो म्हणाला. पंडुम बाराच्या बाराला होणार.

म्हणजे प्रश्न सुटला. मी चिडलो असतो तर सुटला नसता.

१० मे
रंजीता दिवसभर सोमारीबाईबरोबर तेंदूपत्त्याची पुडकी बांधत बसली. मी विचारलं, माझं कालचं वागणं पाहिलंस ना? एकदाही आवाज चढला नाही. ती म्हणाली, पाहिलं.

खर्रा एक. तणावामुळे.

११ मे, दुपारी
जसं घडलं तसं लिहितो. वस्तुनिष्ठ.

रंजीता बॅग भरायला लागली. मी म्हणालो, उद्या जायचं आहे ना? ती म्हणाली, आज दुपारची गाडी आहे. मी विचारलं, मग आपलं काय ठरलं? तिने साडीची घडी घातली, बॅगेत ठेवली आणि म्हणाली, ‘मले वाटे तुमाले राग आवरत नाई. आजारासारखा हाये, म्हनून मी कीव करो. पन तुमाले आवरते. परवा कसा आवरला! प्रिन्सिपलपुढं आवरते, म्हाताऱ्यांपुढं आवरते. जिथी आपलं नुकसान हाये तिथी बरोबर आवरते. मंग घरीच काऊन नाई आवरत?’

मी म्हणालो, हा विषय गुंतागुंतीचा आहे, अबोध मनाचा आहे, दोन वाक्यांत सांगता येत नाही.

ती म्हणाली, ‘मले दोन वाक्यं नाई पायजेत. एक शब्द पायजे होता. चुकलं. ताट फेकलं तवा नाई म्हनले. परवा लच्छूभाऊनं तुमच्यासाठी म्हनलं, तरीबी तुमी नाई म्हनले.’

मी ताट फेकलं नव्हतं, सरकवलं होतं. हे मी तिला सांगितलं. पुन्हा सांगितलं. ती चेन लावत होती, बघत नव्हती. माझ्या हातात ग्लास होता. तो मी ठेवला. स्टीलचा असल्यामुळे फार वाजला आणि दारातून अंगणात गेला. सोमारीबाईच्या शेळ्या उधळल्या.

रंजीता बाहेर गेली. ग्लास उचलला, मोरीवर नेऊन घासला, पालथा घातला. सोमारीबाईच्या पाया पडली. सोमारीबाईने तिला कवटाळलं. मी बस स्टँडपर्यंत बॅग घेऊन येतो म्हणालो. ती म्हणाली, ‘उराडे सराची गाडी आली.’

उराडे बाइकवर बाहेर उभा होता. माझ्याकडे बघून तो हसला नाही. परवाचं त्याला कळलं असणार. माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं.

११ मे, संध्याकाळी
रंजीताच्या वागण्याचं विश्लेषण: नकार, रोख बदलणं, स्वतःच्या भावना दुसऱ्यावर लादणं. सर्व लक्षणं स्पष्ट आहेत. ऊर्जानगरला चांगला समुपदेशक मिळेल का, बघितलं पाहिजे. तिच्यासाठी.

खोलीत तिच्या तेलाचा वास आहे. खिडकी लावून घेतली, जाऊ नये म्हणून.

१२ मे
पंडुम. सकाळपासून ढोल. टोल्यात कैऱ्यांचा खच. पोरं दात आंबेपर्यंत खात होती. मंगली मला बोलवायला आली होती. मी म्हणालो, पेपर तपासायचे आहेत. पेपर नव्हते. दाराच्या फटीतून लच्छूभाऊ नाचताना दिसले. एवढं मोजकं बोलणारा माणूस, पण नाचतो छान.

१३ मे, सकाळी
रंजीताचा मेसेज. क्वार्टरच्या कुलपाची चावी माझ्याकडे आहे ती पोस्टाने पाठवा. वकिलाचं नंतर कळवते. पत्ता लिहिला होता, जणू मला माहीत नाही.

बराच वेळ मोबाइल हातात धरून बसलो. मग आतून काहीतरी एकदम वर आलं. बोटं आपोआप चालू लागली. ‘चुकलं’ असं टाइप केलं. खाली, ‘ताट मी फेकलं होतं.’ त्याखाली, ‘कैऱ्या मीच तोडल्या, लच्छूभाऊंना आज सांगतो.’ अंगठा पाठवायच्या बटणावर होता. डोळ्यांतून पाणी येत होतं, अगदी अनावर.

तेवढ्यात भान आलं. हाच तो क्षण. आवेगाच्या भरात माणसाने काही करू नये.

एक एक अक्षर खोडलं. मोबाइल पालथा ठेवला. श्वास सावकाश झाला.

आवरलं. पहिल्यांदा पूर्णपणे जमलं.